निवडणुकीचें वाङ्मय आणि गोंदियाचे चार मतदारसंघ

निवडणुकीच्या निकालांवर दर पांच वर्षांनीं जें विपुल लेखन आपल्या भाषेंत होतें, त्यास वाङ्मय म्हणावें कीं नाहीं याविषयीं रसिकांत मतभेद होतील. आमच्या मतें तें म्हणावें. ज्या लेखनाचे अलंकार ठरलेले आहेत, ज्यांत नायक-प्रतिनायक नेमलेले आहेत, ज्याचा शेवट वाचकास पहिल्या ओळीपूर्वींच ठाऊक असतो आणि तरीहि जें घरोघरीं सकाळच्या चहाबरोबर आवडीनें वाचलें जातें, त्यास वाङ्मयप्रकार न मानणें म्हणजे कीर्तनास आणि पोवाड्यासहि तो मान नाकारणें होय. परंतु एकदां तो मान दिला कीं परीक्षणहि इतर वाङ्मयासारखेंच झालें पाहिजे. तें खरें बोलतें काय, ज्या विषयास तें हात घालतें तो विषय त्याच्या मुठींत येतो काय, आणि ज्या माणसांविषयीं तें लिहितें त्यांच्याविषयीं वाचकाची समज वाढते काय, हे प्रश्न कादंबरीस विचारावयाचे आणि निवडणुकीच्या लेखास विचारावयाचे नाहींत, हा न्याय आम्हांस मान्य नाहीं.

परीक्षणासाठीं आम्हीं मुद्दाम राज्याच्या पूर्व टोंकाचा एक जिल्हा घेतला आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकांस गोंदिया हें नांव बहुधा आगगाडीच्या पाटीवरूनच ठाऊक असतें; विदर्भ एक्सप्रेस मुंबईहून निघते ती तेथें थांबते, आणि महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरहून निघून साऱ्या राज्याचा प्रवास करीत तेथेंच पोहोंचते. भंडारा जिल्ह्यांतून १ मे १९९९ रोजीं हा जिल्हा वेगळा निघाला. तालुके आठ, आणि २०११ च्या शिरगणतीप्रमाणें लोकसंख्या १३ लक्ष २२ हजार. विधानसभेच्या २८८ जागांपैकीं त्याच्या वांट्यास चार येतात: ६३ वा अर्जुनी मोरगांव, ६४ वा तिरोडा, ६५ वा गोंदिया आणि ६६ वा आमगांव. पहिला अनुसूचित जातींसाठीं व शेवटचा अनुसूचित जमातींसाठीं राखीव आहे. म्हणजे सव्वातीन लाखांहून अधिक माणसांमागें एक प्रतिनिधि. ज्यास सबंध महाराष्ट्राच्या राजकारणाचा नमुना लहान जागेंत पाहावयाचा असेल त्यानें येथें यावें. आणि ज्यास आपल्या निवडणूक-लेखकांचीं सूत्रें कितपत टिकतात तें पाहावयाचें असेल त्यानेंहि येथेंच यावें.

या वाङ्मयाचें पहिलें आवडतें सूत्र म्हणजे 'लाट'. लाट आली, तींत अमुक वाहून गेले, तमुक तरले, एवढें म्हटलें कीं लेखकाचें निम्में काम होतें. आतां गोंदिया जिल्ह्यांत ही लाट कशी वागली तें पाहावें. २०१४ सालीं भारतीय जनता पक्षास राज्यांत १२२ जागा मिळाल्या, तेव्हां या जिल्ह्यांत तिरोडा, अर्जुनी मोरगांव व आमगांव त्या पक्षाकडे गेले. परंतु जिल्ह्याचें मुख्य ठिकाण जें गोंदिया, तेथें काँग्रेस निवडून आली. २०१९ सालीं तोच पक्ष १०५ जागा घेऊन विधानसभेंत सर्वांत मोठा ठरला, आणि या जिल्ह्यांतील चार मतदारसंघांनीं चार वेगळे निर्णय दिले: तिरोड्यानें भाजप, अर्जुनी मोरगांवानें राष्ट्रवादी काँग्रेस, आमगांवानें काँग्रेस आणि गोंदियानें अपक्ष. शेजारींशेजारीं असलेलीं हीं चार पात्रें. एकाच पावसांत एक भरलें, दुसरें रितें राहिलें, तर दोष पावसाच्या वर्णनांत आहे असें आम्हांस वाटतें. २०२४ सालीं चारहि जागा महायुतीकडे गेल्या. तेव्हां लाटेचे उपासक पुन्हां पुढें आले, हें सांगावयास नकोच.

दुसरें सूत्र पक्षाचें. मतदार चिन्हास मत देतो, माणूस केवळ निमित्त, असें हें वाङ्मय गृहीत धरतें. या सूत्राची कसोटी गोंदिया मतदारसंघांत अशी लागली आहे कीं कादंबरीकारानें रचली असती तर आम्हीं तिला कृत्रिम म्हटलें असतें. २०१४ सालीं श्री. गोपालदास अग्रवाल काँग्रेसकडून व श्री. विनोद अग्रवाल भाजपकडून उभे होते, श्री. गोपालदास विजयी झाले. २०१९ च्या निवडणुकीच्या तोंडावर श्री. गोपालदास भाजपमध्यें गेले व त्या पक्षाचे उमेदवार झाले; श्री. विनोद अपक्ष उभे राहिले आणि मोठ्या फरकानें निवडून आले. २०२४ सालीं श्री. गोपालदास पुन्हां काँग्रेसचे उमेदवार आणि श्री. विनोद पुन्हां भाजपचे, श्री. विनोद पुन्हां विजयी. दहा वर्षांत तेच दोन मल्ल तीन वेळां त्याच आखाड्यांत उतरले, आणि मध्यंतरीं एकाचा लंगोट बदलला तर दुसऱ्यानें कोणाचाच घेतला नाहीं. पक्ष हेंच सर्व कांहीं असतें तर २०१४ सालीं भाजपला हरविणाऱ्या माणसास भाजपचें चिन्ह मिळाल्यावर तो अजिंक्य व्हावयास हवा होता. तसें झालें नाहीं. येथें पक्षाच्या नांवापलीकडे मतदारानें कांहींतरी पाहिलें, हें उघड आहे. तें काय पाहिलें, हा खरा प्रश्न. आणि नेमका तोच प्रश्न आमच्या वाचनांत आलेल्या निवडणूक-लेखांनीं सोडून दिला आहे. त्यांस 'बंडखोरी' हा एक शब्द पुरेसा वाटला.

तिसरें सूत्र जातीचें. त्यास आमचे लेखक 'गणित' म्हणतात, व गणित म्हटलें कीं चूक होण्याचें भय नाहीं अशी त्यांची समजूत असावी. पोवार इतके, कुणबी इतके, तेली इतके, लोधी इतके, अशी बेरीज मांडून उत्तर काढावयाचें. जातीचा विचार मतदार करीत नाहीं असें म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाहीं. परंतु ज्या मतदारसंघाच्या खेड्यांतून शेतकरी जातींची वस्ती मोठी, तेथें एकाच आडनांवाचे दोन उमेदवार तीन निवडणुका मुख्य प्रतिस्पर्धी म्हणून लढतात, तेव्हां त्या दोघांतून एकाची निवड जातीच्या बेरजेनें कशी समजावयाची, हें गणिताच्या शिक्षकांनींच सांगावें.

अर्जुनी मोरगांवची हकीकत याहून चमत्कारिक आहे. हा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेनें नव्यानें निर्माण झाला. २००९ व २०१४ सालीं तेथून श्री. राजकुमार बडोले भाजपकडून निवडून आले व राज्याचे सामाजिक न्यायमंत्री झाले. २०१९ सालीं राष्ट्रवादी काँग्रेसचे श्री. मनोहर चंद्रिकापुरे यांनीं त्यांस ७१८ मतांनीं हरविलें. सव्वातीन लाखांच्या वस्तींत ७१८ मतें म्हणजे दोन-तीन खेड्यांचा प्रश्न. बाजाराच्या दिवशीं अर्जुनीच्या एका गल्लींत याहून अधिक माणसें मिळतील. पुढें तो पक्ष दुभंगला. २०२४ सालीं त्याच्या अजित पवार गटानें आपल्या निवडून आलेल्या आमदारास बाजूस ठेवून ज्यास त्यानें हरविलें होतें त्या श्री. बडोले यांस उमेदवारी दिली, आणि ते विजयी झाले. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानें १९८५ सालीं पक्षांतरास बंदी घालतांना असें धरलें कीं आमदार हा पक्षाच्या नांवानें मत मागतो, तेव्हां पक्ष सोडणें ही मतदाराची फसवणूक. तत्त्व योग्यच आहे. परंतु ज्या ठिकाणीं निवडणुकीपूर्वींच पक्ष उमेदवारास आणि उमेदवार पक्षास पायींच्या वहाणांसारखे बदलतात, तेथें फसवणूक नक्की कोणत्या क्षणीं झाली हें ठरविण्यास कायदा पुरा पडत नाहीं, आणि वाङ्मय तर त्याकडे ढुंकूनहि पाहत नाहीं.

तिरोड्याविषयीं थोडक्यांत सांगतां येईल: २००९ पासून तो भाजपकडे आहे, आणि २०१४ पासून तीन वेळां तेथें श्री. विजय रहांगडाले हेच निवडून आले. आमगांव याच्या अगदीं उलट. २००९ सालीं काँग्रेसचे श्री. रामरतनबापू राऊत, २०१४ सालीं भाजपचे श्री. संजय पुराम, २०१९ सालीं काँग्रेसचे श्री. सहसराम कोरोटे, २०२४ सालीं पुन्हां श्री. पुराम. दर पांच वर्षांनीं पक्ष पालटतो. देवरी, सालेकसा व आमगांव हा तो मुलूख. कचारगडाची यात्रा भरते ती याच सालेकसा तालुक्यांत, आणि माघी पौर्णिमेस तेथें दूरदूरच्या प्रांतांतून गोंड समाज लोटतो. राज्यकारभाराच्या दृष्टीनें या मतदारसंघाची स्थिति दोन घरच्या पाहुण्यासारखी आहे. जिल्हा गोंदिया, परंतु लोकसभेसाठीं भंडारा-गोंदियास न जोडतां तो गडचिरोली-चिमूर मतदारसंघास जोडला आहे. येथील माणसाचा जिल्हाधिकारी एका दिशेस आणि खासदाराचा बहुतेक मतदारवर्ग दुसऱ्या. शिवाय नक्षलग्रस्त भाग म्हणून २०१९ सालीं आमगांव व अर्जुनी मोरगांव येथें मतदान दुपारीं तीन वाजतांच बंद झालें. मुंबईच्या मतदारास सायंकाळीं सहापर्यंत वेळ, आणि धानाच्या बांधांवरून व जंगलांतून वाट काढीत येणाऱ्यास तीनपर्यंत. तरीहि मतदानाचें प्रमाण मुंबईपेक्षां येथें पुष्कळ अधिक असतें. शहरांतील सुशिक्षितांच्या औदासीन्यावर दर निवडणुकीनंतर एक करुणरसपूर्ण लेख येतोच. त्यांत हा तीन तासांचा फरक एका वाक्यानें जरी नोंदला असता तरी त्या करुणरसाला थोडी धार आली असती.

या वाङ्मयाचा खरा दोष कोठें आहे, हें आतां वाचकांच्या ध्यानीं आलें असेल. त्याला विजेता दिसतो. प्रतिनिधि दिसत नाहीं. जुन्या एका प्रसंगावरून हें अधिक स्पष्ट होईल. १९५४ च्या मे महिन्यांत भंडारा येथें लोकसभेची पोटनिवडणूक झाली. गोंदिया त्या वेळीं भंडारा जिल्ह्यांत आणि भंडारा मध्यप्रदेश राज्यांत होतें. मतदारसंघ द्विसदस्य होता: एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठीं राखीव, प्रत्येक मतदारास दोन मतें, आणि तीं दोन्ही एकाच उमेदवारास देतां येत नसत. राखीव जागेसाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते, सर्वसाधारण जागेसाठीं प्रजासमाजवादी पक्षाचे श्री. अशोक मेहता. मेहता निवडून आले, डॉ. आंबेडकर काँग्रेसचे श्री. भाऊराव बोरकर यांच्याकडून सुमारें आठ हजार मतांनीं पराभूत झाले. निवडणुकीच्या इतिहासांत ही गोष्ट बहुधा 'आंबेडकर हरले' या दोन शब्दांत येते. पण त्या प्रसंगाचें मर्म त्या दोन मतांत आहे. आपल्या लोकांनीं एक मत बाबासाहेबांस द्यावें आणि दुसरें कोणासच न देतां कुजवावें, म्हणजे इतरांच्या मतांत भर पडणार नाहीं, अशी युक्ति कार्यकर्त्यांनीं सुचविली होती. ती त्यांनीं मानली नाहीं, असें त्यांच्या चळवळीच्या इतिहासकारांनीं नमूद केलें आहे. घटना घडविणाऱ्यानें मतदारास मत वाया घालविण्यास कसें सांगावें, हा त्यांचा विचार. १९६१ च्या कायद्यानें द्विसदस्य मतदारसंघ गेले, दोन मतांचा तो पेंचहि गेला. ज्या मतदारांच्या हातीं तीं दोन मतें होतीं त्यांनीं तीं कशीं वापरलीं, युतीचें मत कोणत्या बाजूनें वाहिलें व कोणत्या बाजूनें आटलें, याचा नीट वृत्तान्त मराठींत गांवनिहाय लिहिला गेला असता तर तो कोणत्याहि कादंबरीहून वाचनीय झाला असता.

आणि निकालानंतरचीं पांच वर्षें? त्यांचें तर वाङ्मयच नाहीं. भंडारा-गोंदिया हा तलावांचा प्रदेश. गोंड राजांच्या काळापासून येथें तळीं बांधलीं गेलीं. कोहळी समाजाचें त्या विद्येंतील कौशल्य प्रसिद्ध आहे. पुढें हीं तळीं मालगुजारांच्या ताब्यांत होतीं. १९५० च्या कायद्यानें मध्यप्रदेशांतील मालगुजारी नष्ट झाली व तलाव सरकारजमा झाले. कागदोपत्रीं त्यांचें नांव 'माजी मालगुजारी तलाव'. लोकांनीं आद्याक्षरें जोडून त्यांस 'मामा तलाव' केलें, आणि असा मामा क्वचितच कोणास मिळाला असेल, कीं ज्याच्याकडे हक्क सांगणारे भाचे पुष्कळ पण ज्याची खोकल्यासहि विचारपूस करणारा कोणी नाहीं. लहान तळीं जिल्हा परिषदेकडे, मोठीं पाटबंधारे खात्याकडे. गाळ कोणीं काढावा, बांध कोणीं दुरुस्त करावा, पाटाचें पाणी केव्हां सोडावें, हे प्रश्न वर्षानुवर्षें फिरत असतात. त्यांतहि हितसंबंध एकच नाहीं. धान वांचविण्यासाठीं शेतकऱ्यास तळें उपसावयास हवें असतें. मासळीवर जगणाऱ्या ढीवरास तेंच पाणी तळ्यांत राहावयास हवें असतें. दोघेहि एकाच आमदाराचे मतदार. अशा वेळीं आमदारानें कोणाची बाजू घेतली, कीं दोघांसहि आश्वासन देऊन तो नागपुरास निघून गेला, ही त्याच्या प्रतिनिधित्वाची परीक्षा होय. त्याच्या घरची जात, त्याच्या गळ्यांतील उपरण्याचा रंग आणि त्याच्या मागील मोटारींची संख्या यांनीं ही परीक्षा होत नाहीं.

धानाचेंहि तसेंच. जिल्ह्याचा जीव धानांत आहे. आधारभूत किंमतीनें सरकार खरेदी करतें व वर बोनस देतें. हा बोनस पूर्वीं क्विंटलमागें मिळत असे. डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनांत तो हेक्टरमागें १५ हजार रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेंत, असा जाहीर झाला. पुढील वर्षीं हेक्टरी २० हजार झाला. वाचकांस हा हिशेबाचा बारकावा वाटेल. पण क्विंटल सोडून हेक्टर धरणें म्हणजे धान्याच्या राशीवरून नजर काढून सातबाऱ्यावर ठेवणें. व्यापाऱ्यानें बाहेरचें धान आणून शेतकऱ्याच्या नांवावर विकण्यास त्यामुळें आळा बसतो हें खरें. परंतु दुसऱ्याची जमीन बटाईनें कसणाऱ्याच्या हातीं, ज्याचें नांव सातबाऱ्यावर नाहीं त्याच्या हातीं, काय पडतें? एवढा फेरफार ज्या सभागृहांत झाला तेथें गोंदियाच्या चारहि आमदारांस आसनें होतीं. त्यांनीं त्या विषयावर काय म्हटलें, कोणता तारांकित प्रश्न विचारला, कोणती लक्षवेधी सूचना दिली, हें विधानसभेच्या छापील कार्यवाहींत पाहतां येतें. २०२४ च्या निवडणुकीचे जे लेख आम्हीं वाचले त्यांपैकीं एकानेंहि ती कार्यवाही उघडल्याची खूण आम्हांस आढळली नाहीं. लेखकांस 'नाराजी' हा शब्द सांपडला होता. धान-उत्पादकांत नाराजी आहे किंवा नाहीं एवढें सांगून ते पुढच्या मतदारसंघास गेले.

आमदारांचें स्वतःचें वाङ्मयहि याच पंगतींतलें. पांच वर्षांच्या शेवटीं गुळगुळीत कागदावर जो 'कार्यअहवाल' निघतो त्यांत भूमिपूजनाचीं चित्रें असतात, लोकार्पणाचीं असतात, रस्त्यांची लांबी व सभामंडपांची संख्या असते. हा चित्रसंग्रह पाहून कोणास वाटावें कीं विधानसभा ही नारळ फोडण्यासाठीं निवडलेली मंडळी आहे. सभामंडप बांधणें हें ग्रामपंचायतीचें काम असूं शकतें. कायदा करणें, सरकारास जाब विचारणें आणि अंदाजपत्रकांत आपल्या मुलखाचा वांटा मागणें हें आमदारावांचून दुसरा कोणी करूं शकत नाहीं. नेमकें तेंच या अहवालांत सर्वांत कमी जागा घेतें. त्यास दोष एकट्या आमदाराचा म्हणतां येणार नाहीं. जें कोणी वाचीत नाहीं तें तो कां छापील?

आमच्या या टीकेवर एक उत्तर येईल, आणि तें वजनदार आहे. निकालाच्या रात्रीं लेख लिहावयाचा, सकाळीं तो छापून निघावयाचा. इतक्या अवधींत तळ्यांचा आणि बटाईचा विचार कोण करणार? ही अडचण आम्ही जाणतों. म्हणूनच त्या रात्रींच्या लेखकास आमचा फार दोष नाहीं. दोष आहे तो निकालानंतरच्या महिन्यांत सवडीनें लिहिणाऱ्यांचा, आमच्यासारख्या मासिकांचा, ज्यांनीं वर्तमानपत्रांचीं शिळीं सूत्रें उचलून त्यांसच चिंतन म्हटलें. या सर्व लेखनांत आम्हांस आवडलें तें निवडणूक आयोगाचें सांख्यिकी-पुस्तक. त्यांत उपमा नाहीं, उत्प्रेक्षा नाहीं. कोणी किती मतें घेतलीं एवढेंच आहे. परंतु ७१८ हा आंकडा तेथें ७१८ इतकाच असतो. त्याचा 'निसटता' होत नाहीं आणि 'धक्कादायक' तर मुळींच होत नाहीं.

आंकड्यांचीं पुस्तकेंहि कांहीं गोष्टी मोठ्यानें सांगतात; ऐकणारा हवा. २००९ ते २०२४ या चार निवडणुकांत या जिल्ह्यानें एकंदर सोळा वेळां आमदार निवडला. ते नऊ गृहस्थ होते. त्यांत स्त्री एकहि नाहीं. २०११ च्या शिरगणतींत हजार पुरुषांमागें ९९९ स्त्रिया ज्या जिल्ह्यांत मोजल्या गेल्या, जेथें रोवणीच्या दिवसांत कमरेइतक्या वांकलेल्या स्त्रियांवांचून एक बांधी लागत नाहीं, आणि जेथें जिल्हा परिषदेंत व ग्रामपंचायतींत निम्म्या जागा कायद्यानें स्त्रियांच्या आहेत, त्या जिल्ह्याची ही स्थिति. जिल्हा परिषदेच्या पायरीपर्यंत आलेली स्त्री विधानसभेच्या उमेदवारीपूर्वीं कोठें अडते, हा एका उत्तम लेखाचा विषय आहे. २०२३ च्या घटनादुरुस्तीनें लोकसभा व विधानसभांतील एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठीं राखल्या आहेत. त्यांचा अंमल मात्र पुढील शिरगणति व तीनंतरची मतदारसंघांची पुनर्रचना यांवर सोपविला आहे.

पुनर्रचना म्हणतांच आम्हांस गोरेगांवची आठवण होते. त्या नांवाचा एक मतदारसंघ या जिल्ह्यांत होता. २००८ च्या पुनर्रचनेंत तो नाहींसा झाला व त्याचीं गांवें शेजाऱ्यांत वांटलीं गेलीं. तालुका आहे, तहसील कचेरी आहे, बाजार आहे. पण विधानसभेंत त्या नांवाचा कोणी उभा राहत नाहीं. ज्या सुजाण लेखकास निवडणुकीवर लिहावयाची हौस आहे त्यानें गोरेगांवास जाऊन आठ दिवस राहावें, २००९ पूर्वीं तेथील माणूस आपलें गाऱ्हाणें कोणाकडे नेत असे व आतां कोणाकडे नेतो, त्यास किती कोस पडतात आणि दारांत किती वेळ उभें राहावें लागतें, एवढेंच विचारावें, आणि पुढील नकाशा निघण्यापूर्वीं तें लिहून काढावें. आमच्या मासिकांत त्यास जागा राखून ठेवूं.